आई-बाबांस, पावसाळ्याआधी

पुणे, 18 मे

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर सांगायला घेतले की आईचा आवाज कापरा होतो आणि मी विषय बदलते, म्हणून हे पत्र. दैनिकातील नोकरीचा राजीनामा मी गेल्या महिन्यात दिला आणि तो मंजूरही झाला आहे. यापुढे पर्यावरण आणि हवामानबदल या विषयांवर मी स्वतंत्रपणे काम करणार आहे. तुम्हांला न विचारता हे ठरवले याची रुखरुख आहे. पण विचारले असते, तर तुमच्या काळजीपुढे माझा पाय निघाला नसता.

बाबा, मला कोणी काढलेले नाही, माझे कोणाशी भांडणही झालेले नाही. 2021 च्या जुलैमध्ये महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली, तेव्हा मी तिथून बातम्या पाठवत होते आणि कार्यालयातून दर तासाला एकच विचारणा होत होती, आकडा किती झाला? त्याच पावसात महाबळेश्वरला 24 तासांत 594 मिलिमीटर पाऊस झाला आणि त्यातले पश्चिमेला उतरलेले पाणी सावित्री नदीतून आपल्या दारी आले. जमिनीला भेगा पडणे, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होणे, झाडे आणि विजेचे खांब कलणे ही दरडीआधीची लक्षणे मी सविस्तर लिहून पाठवली होती. जागेअभावी नेमका तोच मजकूर गळला. 2005 साली दरडींनी जुई आणि दासगावचे काय केले ते आपल्या घरात कोणाला सांगावे लागत नाही, तरीही सोळा वर्षांनी मी पुन्हा मृतांचा आकडाच लिहीत होते. ही लक्षणे मे महिन्यातच, वाडीवर जाऊन, तिथल्या बोलीत सांगितली पाहिजेत, आणि रोजची पाने भरताना ते मला जमत नव्हते.

आई, गेल्या वर्षी तू विचारलेस, "अतिमुसळधार म्हणजे नक्की किती गं?" 24 तासांत साधारण 115 ते 204 मिलिमीटर, हे उत्तर मी दिले आणि त्याने तुला काहीच कळले नाही. आपल्या जिन्याची कितवी पायरी बुडेल, हे तुला हवे होते. माझे पहिले काम तेच आहे : पोलादपूर आणि महाडच्या वाड्यांसाठी हवामानाच्या इशाऱ्यांचा अर्थ सांगणारी छोटी ध्वनिमुद्रणे.

पैशांचे लपवत नाही. मानधन कधी दोन-तीन महिने उशिरा येते, म्हणून वर्षभराचा खर्च आधीच बाजूला काढला आहे आणि भाषांतराची कामेही घेते. तिघांच्या आरोग्य विम्याचा हप्ता भरला आहे, 1 तारखेला तुम्हांला येणारी रक्कम चुकणार नाही. जेवणाची काळजी नको. सकाळची भाकरी घरीच करते आणि तू दिलेले कुळथाचे पीठ अजून पुरते आहे.

लहानपणी पुराच्या त्या रात्री माळ्यावर मी आईच्या कुशीत होते आणि बाबा दर अर्ध्या तासाने कंदील घेऊन जिन्यात खडूची रेघ मारून येत होते. "एक पायरी उतरलं," असे तुम्ही म्हणालात आणि मला झोप लागली. आजही भीती वाटली की तोच आवाज ऐकावासा वाटतो.

आता माझे ऐका. घराची कागदपत्रे आणि औषधांच्या चिठ्ठ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून लोखंडी ट्रंकेत, माळ्यावर ठेवा. बाबांनी रक्तदाबाची गोळी बरे वाटते म्हणून सोडू नये, आणि पाणी बघायला नदीवर तर मुळीच जाऊ नये. रेड अलर्ट आला की भरतीची वेळ बघा. भरतीत सावित्रीचे पाणी लवकर निचरत नाही, हे तुम्हीच मला शिकवले आहे. आई, गुडघ्यामुळे तुला रात्री जिना चढवत नाही, तेव्हा संध्याकाळीच वरच्या वहिनींकडे जा, संकोच करू नकोस. रागावून सांगते आहे असे वाटले तर क्षमा करा, मला दुसऱ्या कोणाची एवढी धास्ती नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मी येते आहे. फ्रिज आपण मिळून वर चढवू. तोवर बाबांनी तो एकट्याने उचलू नये.

तुमची,
मनू