आई, लॉर्ड्सची कसोटी बघायला चल

पुणे, मार्च २०२६

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

फोनवर विषय काढला की ‘बघू’ म्हणून तुम्ही दुसरंच काही बोलता, म्हणून सविस्तर लिहितेय. १० ते १३ जुलै, शुक्रवार ते सोमवार, लंडनला लॉर्ड्सवर भारत-इंग्लंड महिला कसोटी आहे. तुम्ही दोघांनी माझ्याबरोबर यायचंच.

बाबा, १९८६ साली वेंगसरकरांनी लॉर्ड्सवर लागोपाठ तिसरं शतक ठोकलं आणि कपिलच्या संघाने तिथे पहिल्यांदा कसोटी जिंकली, हे तुमच्या तोंडून ऐकतच मी मोठी झाले. त्याच वर्षी आपला महिला संघही इंग्लंडमध्ये होता आणि त्या संघातल्या डायना एडलजींना लॉर्ड्सच्या पॅव्हिलियनमध्ये जाऊ दिलं नव्हतं. हे मला फार उशिरा कळलं आणि अजूनही चीड येते. लॉर्ड्स ज्यांच्या मालकीचं, त्या एमसीसी क्लबने बायकांना सभासद करून घ्यायचं ठरवलं ते थेट १९९८ मध्ये. पुरुषांच्या कसोट्या तिथे १८८४ पासून होताहेत, बायकांची आजवर एकही नाही. ही पहिली, आणि ती खेळायला जाणार आपला विश्वविजेता संघ!

आई, शाळेत असताना तुला खेळायचं होतं आणि आजोबांनी नको म्हटलं, हे तू एकदाच बोललीस. मी ते विसरले नाही. नोव्हेंबरात डी. वाय. पाटीलवरची विश्वचषकाची फायनल मध्यरात्रीपर्यंत चालली. बाबा झोपले, तू शेवटची विकेट पडेपर्यंत जागची हलली नाहीस. संघ अजून जाहीर व्हायचाय, पण आपल्या सांगलीची स्मृती मानधना पांढऱ्या कपड्यांत त्या पॅव्हिलियनच्या पायऱ्या उतरताना तू समोर बसून बघावीस, एवढंच माझ्या मनात आहे. ‘माझं तिथं काय काम’ हे आता पुरे.

५ जुलैला तिथेच टी-ट्वेंटी विश्वचषकाची फायनल आहे, पण ती नको. तीन-साडेतीन तासांत सगळं आटपतं. कसोटीत निवांत बसता येतं, लंचला पाय मोकळे करता येतात. पहिल्या दोन दिवसांची तिकिटं काढू. बाबांचा गुडघा साथ देत असेल तर रविवारचंही. राहायचं बेकर स्ट्रीटजवळ, कारण लॉर्ड्सचं सेंट जॉन्स वूड हे पुढचंच स्टेशन आहे. जिने नको वाटले तर बसने जाऊ. मैदानात घरचं खाणं नेता येतं. इथून दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, तेव्हा पेढे राहू देत, भडंग मात्र भरपूर घे. त्याच रेल्वेने पुढे गेलं की डॉलिस हिल. तिथे १९३२ साली स्थापन झालेलं लंडनचं महाराष्ट्र मंडळ आहे, एक संध्याकाळ तिकडे जाऊ. जुलैत तिकडे रात्री नऊपर्यंत उजेड असतो. विमान नऊ-दहा तासांचं आहे. विमानतळावर व्हीलचेअर आधीच सांगून ठेवीन. बाबा, त्यात संकोच करू नका.

आता कृष्णामाई. बाबांची खरी अडचण तीच, मला माहीत आहे. २०१९ चं पाणी ऑगस्टमध्ये आलं, २०२१ चं जुलैच्या शेवटच्या आठवड्यात. आपण १६ तारखेला घरी परत. तरीही निघण्याआधी मी सांगलीला येते. खालच्या खोलीतलं धान्य, कागदपत्रं माडीवर चढवू, आणि आयर्विन पुलाची पातळी रोज कळवायला दादा आहेच.

व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या तीन महिने आधीपासून करता येतो, निकालाला साधारण तीन आठवडे लागतात. म्हणजे एप्रिलमध्ये अर्ज भरायचा, मग बोटांचे ठसे द्यायला दोघांनी पुण्याला यायचं. सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट आणि पेन्शनचे कागद लागतील. बाबा, पासपोर्टची मुदत बघून रविवारपर्यंत कळवा. आईच्या पासपोर्टवरचं नाव बँकेतल्या नावाशी जुळतं का, तेही बघा. जुळत नसेल तर ते काम आधी करावं लागेल.

तुमची,
मनू