बी.ए.ला एचआरची जोड, पण शिक्क्यापुरती

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बारावीचा निकाल लागला की नात्यातलं कुणी ना कुणी मला फोन करतंच. यंदा भाचीचा आला. ‘मामा, मेजर मानसशास्त्र आणि मायनर एचआर घेऊ का? सगळे म्हणतात, धड हे ना धड ते होईल.’ म्हणजे बी.ए.ला मुख्य विषय मानसशास्त्र आणि जोडीचा दुय्यम विषय एचआर. नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक पट्ट्यात मी चोवीस वर्षं पर्सनल खात्यात, म्हणजे कामगारांची हजेरी-रजा-पगार बघणाऱ्या खात्यात आहे. लागलो तेव्हा एचआर, म्हणजे मनुष्यबळ व्यवस्थापन, हा शब्द कुणी उच्चारत नसे, सगळे टाइम ऑफिसच म्हणत. तिला म्हटलं, डोळे झाकून घे. फोन ठेवल्यावर वाटलं, डोळे उघडे ठेवायला सांगायला हवं होतं.

घे का म्हणालो, ते आधी. आमच्या एका नव्या साहेबांनी कामगाराचा रजेचा अर्ज परत पाठवला होता. अर्जात लिहिलं होतं, ‘चुलत्याच्या दहाव्याला जायचे आहे, दोन दिवसांची रजा मिळावी.’ त्यावर साहेबांचा इंग्रजीत शेरा: नातेवाइकाच्या दहावीच्या परीक्षेसाठी रजेची तरतूद नाही. साहेब मराठीच, आणि एमबीए फर्स्ट क्लास. खात्यात हशा पिकला. तो कामगार मात्र पुढे सहा महिने त्या केबिनकडे फिरकला नाही.

आता उलट बाजू. समाजशास्त्र घेऊन बी.ए. झालेली एक मुलगी आमच्याकडे लागली. माणसं ओळखण्यात पटाईत. युनियनचे पुढारी तावातावाने आत यायचे आणि चहा पिऊन परत जायचे. पण ग्रॅच्युइटीच्या, म्हणजे नोकरी सोडताना मिळणाऱ्या रकमेच्या हिशेबात तिने दर वर्षामागचा पंधरा दिवसांचा पगार काढताना सव्वीसऐवजी तीसने भागलं. सुट्ट्या वगळून महिना सव्वीस दिवसांचा धरतात, हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं. शेवटचा पगार २६ हजार, नोकरी २० वर्षं; त्या माणसाचे ३ लाख व्हायचे, कागदावर आले २ लाख ६० हजार. बिचाऱ्याने सहीदेखील केली होती. चेक निघायच्या आधी सापडलं म्हणून निभावलं.

एकाच माणसाला दोन्ही यावं, एवढंच मागणं आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून २९ कायद्यांच्या जागी चार श्रमसंहिता आल्या. मुदतीच्या करारावरच्या कामगाराला आता एका वर्षानंतरही ग्रॅच्युइटी लागू होते. हे त्याला त्याच्या भाषेत, त्याचा विश्वास बसेल असं सांगायचं, तर कलमही पाठ हवं आणि समोरचा माणूसही वाचता यायला हवा. आणि ‘कलाशाखेला एचआर कसलं?’ म्हणणाऱ्यांनी देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेकडे पाहावं. तिथल्या ज्या एचआरच्या अभ्यासक्रमासाठी पोरं जिवाचं रान करतात, तो वर्षानुवर्षं एम.ए. म्हणूनच चालला.

मग घोडं अडतं कुठे? नव्या शैक्षणिक धोरणात मेजर-मायनरची सोय आहे, पण मायनर विषय विद्यार्थी निवडतो असं कुणी समजू नये. कॉलेजच्या बास्केटमध्ये, म्हणजे विषयांच्या यादीत, जे असेल तेच मिळतं, आणि बास्केटमध्ये काय ठेवायचं ते कोणत्या प्राध्यापकांचे तास भरायचे आहेत त्यावर ठरतं. भाचीच्या कॉलेजात एचआर आहे, पण तो तास आणि मानसशास्त्राचं प्रॅक्टिकल एकाच वेळी. खिडकीवर उत्तर मिळालं, ‘अॅडजस्ट करा.’

दोन पदव्या एकदम करायची मुभा विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) एप्रिल २०२२ मध्ये दिली. मुख्य अट अशी की, तासांच्या वेळा एकमेकांवर येता कामा नयेत. म्हणजे सकाळी बी.ए., दुपारी व्यवस्थापनाची पदवी बीबीए, आणि मध्ये सिटी बसची वाट पाहणं. शिवाय २०२४ पासून बीबीएला सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा आली. गावाकडून आलेल्या मुलीने दोन्हीकडची हजेरी कशी भरायची? त्यापेक्षा एक पदवी मुक्त विद्यापीठातून करणं जास्त व्यवहाराचं, असं माझं मत. मुक्त विद्यापीठ नाशिकचंच, त्यामुळे नाशिककर म्हणून थोडा पक्षपात होत असेल, तो मान्य.

सगळ्यात जास्त चीड येते ती ओजेटीची, म्हणजे प्रत्यक्ष कामावरच्या प्रशिक्षणाची. यंदा एका कॉलेजची चार मुलं पत्र घेऊन आली. मी म्हटलं, सोमवारपासून सकाळी सातला गेटवर या, पहिल्या पाळीचं पंचिंग बघू, मग कंत्राटी कामगारांचं मस्टर. मुलं एकमेकांकडे बघायला लागली. त्यातला एक धीटपणे म्हणाला, ‘सर, नुसता शिक्का दिला तरी चालेल.’ त्यांच्या सरांना फोन लावला, तर सरही तेच म्हणाले, फक्त जरा आदराने. मी शिक्का दिला नाही. आठवड्याने समजलं, तो त्यांना पुढच्या गल्लीतल्या कारखान्यात मिळाला.

कॉलेजांना माझी विनंती साधी आहे. एचआर मायनरचा एखादा पेपर आमच्यासारख्यांकडून शिकवून घ्या. मानधनाचं नंतर बघू. वेळापत्रक लावताना मायनरचे तास आधी मांडा, उरलेल्या जागी बाकीचे बसवा. आणि ओजेटीला मुलं पाठवाल तर महिन्यातून एकदा स्वतः येऊन बघा, ती आहेत का. आमच्या खात्यात मस्टरच्या कपाटाशेजारी दोन खुर्च्या रिकाम्या आहेत. जुलैपासून सकाळी सातला येणाऱ्या कुणाही दोघांसाठी त्या राखून ठेवल्या आहेत. भाचीला मामाच्या खात्यात घेता येणार नाही, तिची सोय दुसरीकडे बघावी लागेल.

आपला,
एक पर्सनल अधिकारी, सातपूर, नाशिक