पासपोर्ट, सातबारा आणि दीड एकर

श्टुटगार्टजवळून,
१५ फेब्रुवारी २०२६, महाशिवरात्र

ती. अण्णा आणि सौ. आईस,
शि. सा. नमस्कार.

अण्णा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "पोरी, तू आता तिकडचीच होणार म्हणे?" मी उत्तर द्यायच्या आत "धर, आईशी बोल" म्हणून फोन देऊनही टाकलात. तुमचं हे नेहमीचंच. म्हणून पत्र लिहायला बसले. कागद तरी शेवटपर्यंत वाचाल. तुमची नात ईरा झोपली आहे, साबुदाणा भिजतोय, तासभर माझा आहे.

आधी सुहासचं. आत्या सांगत होती, सांगलीतला कुणी एजंट त्याला म्हणाला, जर्मनीत तीन वर्षांत पासपोर्ट मिळतो, फाईल करून देतो, अमुक लाख द्या. त्याला म्हणावं, एक रुपया देऊ नकोस. तीन वर्षांची सवलत होती हे खरं. २७ जून २०२४ ला इथला कायदा बदलला, तेव्हा नागरिकत्वासाठी आठ वर्षं राहावं लागायचं ते पाचवर आलं, आणि ज्यांची भाषा फारच चांगली आणि कामही तसं, त्यांना तीन वर्षांत अर्ज करता येऊ लागला. पुढे सरकार बदललं आणि ३० ऑक्टोबर २०२५ पासून ती तीन वर्षांची वाट बंद झाली. पाच वर्षांची आहे तशी आहे. एजंटाच्या पाटीवर जुनाच भाव लिहिलेला असणार, बाजार समितीत नाही का कधी कधी कालचा दर आज सांगतात! सुहासने त्या पैशातून जर्मन शिकावं. इथे सगळी कुलपं शेवटी भाषेनेच उघडतात.

आता माझं. गावात दोन गोष्टींची गल्लत होते आहे, ती आधी सोडवते. इथे कायम राहण्याचा परवाना वेगळा आणि नागरिकत्व वेगळं. तुमच्या भाषेत सांगायचं तर परवाना म्हणजे कूळ लागणं. जमीन दुसऱ्याची, पण उठ म्हणून कुणी सहज उठवू शकत नाही. नागरिकत्व म्हणजे सातबाऱ्यावर नाव चढणं.

कूळ मला लागून चार वर्षं झाली. फेब्रुवारी २०२० मध्ये मी ब्लू कार्डावर आले. शिकलेल्या माणसाला ठरावीक पगाराच्या वरची नोकरी असेल तर मिळणारा हा परवाना. आल्यावर पहिलं काम म्हणजे दोन आठवड्यांच्या आत नगरपालिकेत पत्ता नोंदवणं. त्याला घरमालकाची सही असलेला कागद लागतो. मी शहाणी भाडेकरार घेऊन गेले. खिडकीतल्या बाईंनी तो हातातही घेतला नाही, नुसती मान हलवली. करार नाही, मालकाची चिठ्ठीच हवी! तुमचा जावई मंदार २०१७ पासून इथला, त्याला माहीत होतं, पण मी त्याला विचारलं कुठे. त्या दिवशी मला हा देश कळला. पत्ता नोंदवला नाही तर टॅक्स नंबर नाही, बँक खातं नाही, काही नाही. तलाठ्याकडे नोंद झाल्याशिवाय जसं काहीच खरं नसतं, तसंच.

पुढे नोकरी करत करत संध्याकाळी जर्मन शिकले. बी-१ पायरी पास झाले म्हणून २१ महिन्यांत कायमचा परवाना मिळाला. त्या परवान्याचं नाव नीडरलासुंग्सएरलाउब्निस. आई, तू एकदा म्हणून बघ. मंदार म्हणतो, नाव नीट उच्चारता आलं की परवाना द्यायला हरकत नाही, वेगळी परीक्षा कशाला.

मग पुढचं पाऊल कशाला टाकायचं, हा तुमचा प्रश्न. अण्णा, नेमकं हेच फोनवर सांगायचं होतं. २०२३ साली आई गोठ्यात घसरून पडली आणि मांडीचं हाड मोडलं, तुम्ही मला आठ दिवसांनी सांगितलंत. मी पाच आठवडे आले आणि परत गेले. तेव्हा तुम्ही म्हणालात, एवढी घाई कसली. रजेचं कारण मी सांगितलं, पण दुसरं सांगितलं नाही. हा कायमचा परवाना नावालाच कायमचा आहे. सहा महिन्यांहून जास्त देशाबाहेर राहिलं की तो आपोआप संपतो. आधी विचारून मुदत वाढवून घेता येते, पण ते देणाऱ्याच्या मर्जीवर. कूळ लागलंय, पण रान सहा महिने पडीक टाकलं की कूळ गेलं, असा हा हिशोब. उद्या तुम्हाला दोघांना माझी वर्षभर गरज पडली, तर आज माझ्यापुढे दोनच वाटा आहेत. इथलं सगळं सोडून येणं, नाहीतर सहा महिन्यांच्या आत उठून परत येणं. जर्मन पासपोर्ट असला तर मी दोन वर्षं तासगावला राहिले तरी इथलं दार उघडंच राहतं.

म्हणजे मी तिकडचीच होणार का, याचं उत्तर हे असं उलटं आहे. कागदावर तिकडची झाले तरच घरी हवं तितके दिवस राहता येईल.

फुकट काही मिळत नाही, तेही सांगते. जर्मनीची आता अट नाही, जुना पासपोर्ट ठेवा म्हणतात. अडचण आपल्याकडून आहे. आपल्या १९५५च्या नागरिकत्व कायद्यात स्पष्ट आहे, स्वतःहून दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं त्याच क्षणी संपतं. मग पासपोर्ट म्युनिकच्या भारतीय वकिलातीकडे जमा करायचा, ते रद्दचा शिक्का मारून परत देतात. त्यानंतर ओसीआय कार्ड काढायचं. त्यावर आयुष्यभर व्हिसाशिवाय येता येतं, राहता येतं, काम करता येतं. मत देता येत नाही, निवडणुकीला उभं राहता येत नाही. सरपंच व्हायचा माझा बेत नव्हताच, पण तरी.

माझा पासपोर्ट काढला तेव्हा व्हेरिफिकेशनला हवालदार आले होते, आठवतं? आईने पोहे केले, ते दोनदा घेऊन खाल्ले आणि जाताना तुम्हाला म्हणाले, "पोरगी परत येईल ना?" तुम्ही म्हणालात, "न येऊन जाते कुठे." त्या पासपोर्टावर शिक्का बसणार, हे मनात आलं की अर्ज उघडलेला तसाच मिटते. पाच वर्षं मागच्या फेब्रुवारीतच पूर्ण झाली, अण्णा. वर्षभर नुसतं टाळलं.

ईराचं मात्र आमच्या हातात नव्हतंच. आईबापांपैकी एक जण पाच वर्षं कायदेशीर राहिलेला असेल आणि त्याच्याकडे कायमचा परवाना असेल, तर इथे जन्मलेलं मूल जन्मतः जर्मन. त्यामुळे ऑक्टोबर २०२४ मध्ये ती जन्मली ती लाल पासपोर्टाची. आमच्या घरात सध्या दोन निळे आणि एक लाल. मंदार आपला निळाच ठेवणार आहे, त्याची कारणं त्याची. मीच बदलणार, कारण घरी यायचं आहे ते मला.

आता तुमची खरी काळजी, जी तुम्ही बोलला नाहीत पण मला कळली. शेजारचं दीड एकर निघालंय, ते माझ्या नावावर घ्यायचं मनात आहे आणि पासपोर्ट बदलला तर ते राहून जाईल. अण्णा, ते आजही होणार नाही. परदेशात राहणाऱ्या भारतीयालाही, पासपोर्ट निळा असला तरी, शेतजमीन विकत घेता येत नाही. फार्महाउस नाही, मळा नाही. बक्षीसपत्रानेही नाही. हे नियम रिझर्व्ह बँकेकडचे, परकीय चलनाच्या कायद्याखालचे आहेत, आणि गावात कुणालाच माहीत नसतात. कितीतरी लोकांनी पोराच्या नावावर घेऊन ठेवलीय, ते पुढे निस्तरतील. वारसाने आलेली जमीन मात्र ठेवता येते, तेव्हाही आणि पासपोर्ट बदलल्यावरही. म्हणजे आपली द्राक्षबाग कुठे जात नाही. दीड एकर घ्यायचंच असेल तर आईच्या नाहीतर पिंकीच्या नावावर घ्या. मी पैसे पाठवीन, त्याला कुणाची ना नाही. फक्त बांधाची मोजणी आधी करून घ्या, मागच्या वेळचं विसरू नका.

नागरिकत्वाची परीक्षा झाली माझी. तेहतीस प्रश्न, त्यांतले सतरा बरोबर आले की पास, वेळ एक तास. एकूण तीनशे दहा प्रश्नांची यादी आधीच जाहीर असते, त्यातले तीस देशाचे आणि तीन आपल्या राज्याचे. बसायला शाळेच्या बाकासारखे बाक. शेजारी एक जण बेकरीतून सरळ आला होता, बाहीवर पीठ तसंच. त्याने बारा मिनिटांत पेपर दिला आणि जाताना माझ्याकडे बघून हसला. मी मात्र तपासत बसले, तुमची सवय. एक प्रश्न होता, लोक सोंगं कुठल्या सणाला घेतात. उत्तर रोझनमोंटाग, आणि तो सण नेमका उद्या आहे. आणखी एक होता, विली ब्रांट १९७० साली वॉर्सात गुडघ्यांवर का बसले. हा तेव्हाचा पश्चिम जर्मनीच्या सरकारचा प्रमुख ज्यूंच्या जुन्या वस्तीत जाऊन गुडघे टेकून बसला होता, आपल्या लोकांनी केलेल्या पापाची माफी मागायला. आता अर्जासोबत या इतिहासाची जबाबदारी मान्य असल्याचं वेगळं लिहून द्यावं लागतं. आधी मला वाटलं, मी तासगावची, मी कशाची जबाबदारी घेऊ? ईराला पाळणाघरात सोडायच्या वाटेवर फुटपाथात चार पितळी चौकोन बसवलेत, त्या घरातून ओढून नेलेल्या माणसांची नावं आहेत त्यावर. एका नावापुढचं वय सात. तिथून रोज जाते मी. आता सही करायला जड जाणार नाही.

८ मार्चला इथल्या राज्याची निवडणूक आहे, विजेच्या खांबाखांबाला पक्षांच्या पाट्या लटकल्यात. वरच्या मजल्यावरचा पोरगा सोळा वर्षांचा, सायकल जिन्यात लावतो म्हणून सगळ्यांच्या शिव्या खातो, तो यंदा मत देणार. राज्याच्या निवडणुकीला सोळाव्या वर्षी मत हे पहिल्यांदाच. मी सहा वर्षं टॅक्स भरते, मला नाही. त्याने मला परवा विचारलं, "तू कुणाला देणार?" मी म्हटलं, मी विचारातच आहे. खोटं नव्हतं तसं.

आई, तुम्हाला दोघांना इकडे आणायचं मी पाहिलं होतं. १ मार्च २०२४ नंतर ज्यांना पहिला परवाना मिळाला, त्या शिकलेल्या कामगारांना आईवडील आणता येतात. मी चार वर्षं आधी आले, म्हणून नाही. लवकर येण्याची ही शिक्षा. तुम्हाला तीन महिन्यांचा व्हिसाच मिळेल, तोही घ्या. मेमध्ये इथे उन्हात बसता येतं.

अर्ज भरून तयार आहे. फी २५५ युरो. एक कागद कमी आहे, माझा जन्मदाखला. लोखंडी पेटीत, आईच्या लग्नातल्या शालूखाली, तुमच्या एलआयसीच्या पाकिटात आहे. त्यावर माझं नाव ग्रामपंचायतीने वेगळंच लिहिलंय, "ळ"च्या जागी "ल". ते दुरुस्त करून नवीन घ्यावं लागेल. अण्णा, तो दाखला तुम्ही स्वतः काढा, पिंकीला पाठवू नका. काढलात आणि पाठवलात, तर मी समजेन. नाही पाठवलात तरी समजेन, मग जूनमध्ये येते तेव्हा बोलू.

तुमची लाडकी
शैला

ता. क. काल सुपरमार्केटमध्ये द्राक्षाच्या डब्यावर "भारत" लिहिलेलं दिसलं. फवारणीच्या रेसिड्यूचा रिपोर्ट, कंटेनरचे कागद, सगळं पार करून आलेली. अर्धा किलो घेतली. जरा आंबट होती, चार दिवस आधीच तोडली असणार. तुम्ही तोडू दिली नसती.