सरकारी कॉलेज, नावातला ‘ळ’ आणि अडकलेली शिष्यवृत्ती

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बारावीचा निकाल लागला की इंदूरच्या मराठी घरांतून एक वाक्य हमखास ऐकू येते: ‘सरकारी कॉलेजात काही शिकवत नाहीत, चार पैसे जास्त गेले तरी चालतील.’ होळकर सायन्स कॉलेज 1891 सालचे. मुलींसाठी किल्ला भवनातले महाराणी लक्ष्मीबाई आणि मोती तबेल्यातले माता जिजाबाई महाविद्यालय आहे, आणि भंवरकुव्याजवळ कला-वाणिज्याचे अटल बिहारी वाजपेयी महाविद्यालय. या सगळ्यांची फी मध्यमवर्गीय घराला सहज झेपते. प्रवेश कक्षात, प्रयोगशाळेत आणि ग्रंथालयात काम केलेले आम्ही काही जण हे पत्र लिहीत आहोत, कारण आमच्या मते अशा कॉलेजात मुलांचे सर्वांत मोठे नुकसान वर्गात होत नाही. ते कागदांत होते, जून ते सप्टेंबरच्या दरम्यान, आणि त्यातले बहुतेक टाळता येते.

सुरुवात नावापासून करू. मध्य प्रदेशात प्रवेश आणि शिष्यवृत्ती दोन्हींसाठी दहावी-बारावीची अंकसूची (गुणपत्रिका), आधार आणि समग्र आयडी लागतात (समग्र म्हणजे राज्य सरकारचा ओळख क्रमांक: कुटुंबाचा आठ आकडी, सदस्याचा नऊ आकडी, फॉर्मवर नऊ आकडी टाकायचा). या तिन्हींवर नाव एकसारखे हवे. मराठी घरांत नेमके इथेच अडते. शाळेच्या अंकसूचीवर ‘मानसी जोशी’, आधारवर वडिलांच्या नावासकट ‘मानसी सुधीर जोशी’. आडनावात ‘ळ’ असेल तर आणखी घोळ: हिंदी टंकणारा ‘काळे’चे ‘काले’ करतो, इंग्रजीत एका ठिकाणी एक ‘ए’ आणि दुसऱ्या ठिकाणी दोन. माणसाला तो एकच मुलगा दिसतो, संगणकाला दोन दिसतात. अशा वेळी दहावीची अंकसूची पाया धरावी आणि बाकीचे कागद तिच्याप्रमाणे बदलावेत. बोर्डाकडून अंकसूची दुरुस्त करून घ्यायची म्हणजे शाळेमार्फत अर्ज आणि मग महिनोन्‌महिने हेलपाटे. आधारची दुरुस्ती त्या मानाने लवकर होते, पण आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येते, म्हणून पहिल्या खेपेलाच अंकसूची समोर ठेवून अक्षर न्‌ अक्षर जुळवावे. आधार बदलले की समग्रचे ई-केवायसी पुन्हा करायचे. हे लोक विसरतात आणि मग ‘आधार तर बरोबर आहे’ म्हणून भांडत बसतात.

ई-प्रवेशच्या, म्हणजे सरकारी ऑनलाइन प्रवेशाच्या, पोर्टलवर नोंदणी, कागद चढवणे, कॉलेज आणि विषयांची पसंती, पडताळणी, जागावाटप आणि फी, असा क्रम असतो. कियॉस्कवाल्याकडे (ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या दुकानात) फॉर्म भरायला हरकत नाही, पण मोबाइल नंबर विद्यार्थ्याचाच द्यावा. कियॉस्कवाला घाईत स्वतःचा टाकतो आणि पुढचे सगळे ओटीपी त्याच्या दुकानात येतात. पडताळणीत एखादा कागद नाकारला गेला तर निरोप त्याच नंबरावर जातो. घरच्यांना तो यादीत नाव न आल्यावर कळतो. जागा मिळाल्यावर ठरलेल्या तारखेच्या आत फी भरली नाही तर जागा जाते. ‘यादीत नाव आलं’ म्हणजे प्रवेश झाला असे समजून गावाला गेलेली कुटुंबे दरवर्षी असतात. मग सीएलसीच्या (कॉलेज पातळीवरच्या समुपदेशनाच्या) फेऱ्यांत उरल्यासुरल्या जागांवर समाधान मानावे लागते. सीबीएसईच्या मुलांना मायग्रेशन लागते, ते डिजीलॉकरमध्ये मिळते. टीसी मात्र मूळ जमा होते, म्हणून देण्याआधी चार प्रती काढून ठेवाव्यात. ईडब्ल्यूएसचा (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचा) दाखला वर्षभरच चालतो, मागल्या वर्षीचा दाखवून उपयोग नसतो.

पसंती भरताना आणखी एक गोष्ट पाहावी. एकाच सरकारी कॉलेजात दोन प्रकारच्या जागा असतात: नेहमीच्या, आणि स्ववित्तीय, म्हणजे विद्यार्थ्यांच्या फीवरच चालणाऱ्या, अभ्यासक्रमांच्या. स्ववित्तीय विषयांची फी नेहमीच्या जागांपेक्षा बरीच जास्त असते, शिवाय जनभागीदारी समितीचे (कॉलेजच्या स्थानिक लोकसहभाग समितीचे) शुल्क वेगळे. ‘सरकारी आहे म्हणजे स्वस्तच’ असे धरून बायोटेक्नॉलॉजी भरणाऱ्याने आधी फीचा तक्ता पाहावा.

2021-22 पासून इथे नवे शैक्षणिक धोरण लागू आहे. मेजर (मुख्य विषय), मायनर (दुय्यम विषय), एखादा खुला विषय, एक व्यावसायिक विषय आणि दरवर्षी प्रोजेक्ट किंवा इंटर्नशिप. एका वर्षाला 40 क्रेडिट, तीन वर्षांत 120, चौथे वर्ष केले तर 160. मेजर विचार करून निवडावा, पुढची पदव्युत्तर वाट बहुतेक वेळा त्यावरूनच ठरते. प्रोजेक्टची फाइल झेरॉक्सच्या दुकानातून आयती घेऊ नये, एवढे आम्ही हात जोडून सांगतो. बँकेची शाखा, दवाखान्याची लॅब, एखादा छोटा कारखाना अशा ठिकाणी पंधरा दिवस बसलेल्या मुलाला तोंडी परीक्षेत प्रश्न विचारला तर तो उत्तर देतो, आयती फाइल आणणारा गप्प राहतो.

आता शिष्यवृत्ती. मुख्यमंत्री मेधावी विद्यार्थी योजनेला राज्य बोर्डाच्या मुलाला 70 टक्के आणि सीबीएसईच्या मुलाला 85 टक्के लागतात. प्रथम श्रेणीत बारावी झालेल्या खेड्यातल्या मुलीला ‘गांव की बेटी’ योजनेतून महिन्याला 500 रुपये, दहा महिने, शहरातल्या दारिद्र्यरेषेखालच्या मुलींसाठी प्रतिभा किरण योजना आहे. योजना ठाऊक असतात, पैसे मात्र खात्यात येत नाहीत. कारण बहुधा एकच: खाते आधारशी ‘लिंक’ असणे आणि त्याच खात्यात सरकारी पैसे यावेत म्हणून एनपीसीआयकडे (बँकांमधले व्यवहार जोडणाऱ्या राष्ट्रीय संस्थेकडे) नोंद असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पैसे फॉर्मवर लिहिलेल्या खात्यात न जाता एनपीसीआयच्या नोंदीत आधारशी सर्वांत शेवटी जोडलेल्या खात्यात जातात. सिमकार्ड घेताना दुकानदाराने अंगठा घेऊन उघडलेले खाते विद्यार्थ्याला आठवतही नसते, आणि शिष्यवृत्ती तिथे जाऊन पडते. दुसरा प्रकार, शाळेत असताना उघडलेले अल्पवयीनाचे (‘अज्ञान’) खाते. अठरा वर्षे पूर्ण झाली की नव्याने केवायसी करेपर्यंत ते थांबते. माय-आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’, म्हणजे पैसे कोणत्या खात्यात येणार ते, फुकट दिसते. अर्ज भरण्याआधी दोन मिनिटे काढून ते पाहावे.

वर्गाबद्दल खरे तेच लिहू. बऱ्याच जागा अतिथी विद्वानांवर (तात्पुरत्या प्राध्यापकांवर) चालतात, निवडणुकीची कामे असतात, इमारतीत परीक्षा केंद्र लागले की तास बुडतात. पहिल्या वर्षाच्या वर्गात मुले दाटीने बसतात आणि मागच्या बाकावर आवाज पोहोचत नाही. तरीही ज्या कॉलेजात चांगली प्रयोगशाळा आहे, तिथे मिळते ते अनेक नव्या खासगी कॉलेजांत मिळत नाही. अर्थात, ते हात घालणाऱ्यालाच मिळते.

रसायनशास्त्राचे साधे टायट्रेशन घ्या: ऑक्झॅलिक आम्ल आणि पोटॅशियम परमँगनेट. तुकडीत वीस-पंचवीस मुले, चालू ब्युरेट (थेंब थेंब सोडणाऱ्या खुणांच्या काचनळ्या) सात-आठ, म्हणजे एका ब्युरेटभोवती तीन जण. एक करतो, दोघे आकडे उतरवतात. जो करतो त्यालाच कळते की नळीच्या टोकात हवेचा बुडबुडा राहिला तर पहिले रीडिंग चुकते. की ऑक्झॅलिक आम्लाचे द्रावण आधी 60-70 अंशांपर्यंत तापवले नाही तर रंग जाता जात नाही आणि मूल घाबरून आणखी थेंब टाकत बसते. की ब्युरेटमधल्या गडद जांभळ्या द्रावणाच्या पृष्ठभागाची खालची कड दिसत नाही म्हणून वरची कड वाचायची. की आम्ल म्हणून सल्फ्युरिकच घालायचे, हायड्रोक्लोरिक घातले तर परमँगनेट त्याच्यावरच खर्च होते. लागोपाठ जुळणारी तीन रीडिंग आली की प्रयोग झाला. यासाठी ट्यूशन लागत नाही. पहिल्या दहा मिनिटांत पोहोचायचे आणि ब्युरेट हातात घ्यायची. साडेअकराच्या प्रॅक्टिकलला बाराला येणारा मुलगा वर्षभर उतरवणारांतच राहतो.

भंवरकुव्याच्या कोचिंगमुळे हाच तोटा होतो. सकाळी स्पर्धा परीक्षेचा वर्ग, दुपारी थकवा, मग कॉलेज फक्त परीक्षेपुरते. हजेरी 75 टक्के लागते आणि अंतर्गत मूल्यमापनाचे गुण वर्गातल्या चाचण्यांवर मिळतात. ते गुण वेळेत विद्यापीठाकडे गेले नाहीत तर सगळे पेपर सोडवूनही निकाल ‘रोखलेला’ दिसतो. निकालाआधी विभागात जाऊन आपल्या नामांकन (विद्यापीठ नोंदणी) क्रमांकासमोर गुण चढले आहेत ना, हे स्वतः पाहून यावे.

ग्रंथालयात हिंदी ग्रंथ अकादमीची पाठ्यपुस्तके असतात, विकत घ्यायलाही स्वस्त. कार्डावरची पुस्तके वेळेत परत करावीत. शेवटच्या वर्षी ‘नो ड्यूज’ची (काही देणे बाकी नसल्याची) एक सही राहिली तर टीसी अडकते.

आमच्या दोन मागण्या आहेत. कॉलेजांनी मदत कक्ष प्रवेश संपताच बंद करू नये. शिष्यवृत्तीचे अर्ज त्यानंतरच सुरू होतात, म्हणून तो सप्टेंबरअखेर चालू ठेवावा आणि नाकारलेल्या अर्जांची कारणे सूचना फलकावर लावावीत. दुसरी मागणी आपल्याच लोकांकडे. राजेंद्र नगर, सुदामा नगर, रामबाग, लोकमान्य नगर इथल्या मंडळांची कार्यालये गणेशोत्सवापूर्वी संध्याकाळी बहुधा रिकामीच असतात. जूनमध्ये आठवड्यातून दोन दिवस, संध्याकाळी सहा ते आठ, एक टेबल, एक संगणक आणि फॉर्म वाचता येणारी दोन माणसे बसवावीत. विद्यार्थ्याने दहावीची अंकसूची, आधार, समग्र आणि बँकेचे पासबुक घेऊन यावे, आणि त्या दोघांनी चारही कागद शेजारी ठेवून नाव अक्षर न्‌ अक्षर जुळवून द्यावे. एका विद्यार्थ्याला वीस मिनिटे पुरतात. बसायला आम्ही तयार आहोत.

आपले,
सरकारी महाविद्यालयांतून निवृत्त झालेले काही प्राध्यापक व कर्मचारी, इंदूर