नाना पेठेतील काचकाम करणाऱ्या काकांस

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

गेले दोन पावसाळे सासवडहून माल घेऊन दिवे घाट उतरताना माझ्या जुन्या पिकअपच्या मागच्या सरकत्या काचेतून पाणी आत येई, सीटमागे ठेवलेल्या मार्केट यार्डाच्या पावत्या भिजत आणि खराब रस्त्यावर ती काच सारखी खडखडे. एका गॅरेजमध्ये अख्खी फ्रेम बदलण्याचा सल्ला मिळाला, तर दुसरीकडे कडेने सिलिकॉन भरून मिळाले, आणि त्यानंतर गळती उलट वाढली.

आपण रबराला हात लावण्याआधी खालच्या चॅनेलमध्ये, म्हणजे काच ज्यात सरकते त्या पन्हाळीत, बारीक तार घातली. पाणी बाहेर जाण्यासाठी ठेवलेली भोके सिलिकॉनने आणि मातीने बुजल्यामुळे चॅनेल तुडुंब भरून पाणी आत सांडत होते, हे आपण मला वाकून पाहायला लावले. रबर उन्हाने कडक होऊन भेगाळले होतेच. पण नुसते रबर बदलून ही गळती थांबली नसती.

नवे रबर आपण जुन्याच्या तुकड्याशी खाच आणि जाडी ताडून निवडले व चॅनेलमधला गंज घासून, प्रायमर वाळल्यावरच काम पुढे नेले. रबराच्या खाचेत सुतळी बसवून, साबणाचे पाणी लावून, मी बाहेरून काच दाबत असताना आपण आतून ती सुतळी इंचाइंचाने ओढत होता आणि रबराची कड पत्र्यावर अलगद चढत होती, ते दृश्य मी विसरणार नाही. रबर ताणून बसवले तर ते पुढे आखडते आणि कोपऱ्यात फट पडते, म्हणून ते किंचित लांबच कापावे, आणि तेल-ग्रीसने हे रबर फुगते, म्हणून काच सरकण्यासाठी सिलिकॉन स्प्रेच वापरावा, हे आपण आवर्जून समजावले. चॅनेलमधले मखमली अस्तरही बदलल्यामुळे खडखड पूर्ण थांबली.

हे पत्र उघडपणे लिहितो आहे, कारण माझ्यासारखे अनेक गाडीवाले दर पावसाळ्यात सिलिकॉन भरून तीच भोके बुजवतात. तीन तास खपूनही आपण फक्त सामानाचे आणि एका तासाच्या मजुरीचे पैसे घेतलेत, ही गोष्ट मनाला लागून राहिली आहे.

परवाच्या मुसळधार पावसात घाट उतरलो, तेव्हा पावत्या कोरड्या होत्या. सीताफळाची पहिली पाटी घेऊन येत्या सोमवारी आपल्या दुकानी येत आहे. तिचा स्वीकार करावा, ही विनंती.

आपला कृतज्ञ,
सासवडचा एक शेतकरी