परवाच्या मेसेजबद्दल

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबांचा आवाज कापत होता, तो अजून कानात आहे. मोठा सायबर हल्ला झालाय, बँका बंद होणार, लगेच पैसे काढा, असा मेसेज कुणीतरी पुढे ढकलला आणि तुम्ही दोघं रात्रभर जागे राहिलात. तो खोटा आहे एवढं मी तेव्हा सांगितलं. पण "सायबर दहशतवाद म्हणजे नेमकं काय गं?" या आईच्या प्रश्नाला घाईत धड उत्तर दिलं नाही, म्हणून लिहायला बसले.

आई, खात्यातले पैसे लंपास करणारा चोर. त्याला पैशाशी मतलब. दहशतवाद्याला लोकांच्या मनात धास्ती बसवायची असते, त्यातून आपला राजकीय किंवा धार्मिक हेतू साधायचा असतो. हेच तो संगणक आणि इंटरनेट वापरून करतो, तेव्हा त्याला सायबर दहशतवाद म्हणतात. २०१५ मध्ये कोसोवोच्या एका तरुण हॅकरने अमेरिकी सैनिक आणि सरकारी कर्मचारी मिळून सुमारे १,३०० जणांची माहिती चोरून 'आयसिस' या दहशतवादी संघटनेला दिली. त्यांनी ती धमकीसकट जाहीर केली. हॅकरला २० वर्षांची शिक्षा झाली, पण यादीत नाव आलेल्या माणसाला आपल्याच घराचं दार उघडताना काय वाटत असेल?

त्याच वर्षी २३ डिसेंबरला युक्रेनमधल्या वीज कंपन्यांवर हल्ला झाला. नियंत्रण कक्षातला कर्मचारी बघतोय आणि पडद्यावरचा माउसचा बाण आपोआप सरकतोय, एकेक उपकेंद्र बंद करतोय. त्याने माउस हलवून पाहिला, काही उपयोग नाही. सव्वादोन लाख ग्राहकांची वीज गेली, ऐन थंडीत. हल्लेखोरांनी खोट्या कॉलचा भडिमार करून तक्रारीची फोन लाइनही अडवून ठेवली. मला हेच सगळ्यात क्रूर वाटतं, अंधारात बसलेल्यांना विचारायलाही कुणी नाही. शेवटी कर्मचारी उपकेंद्रांवर गेले, हाताने खटके चालू केले आणि काही तासांत वीज आली. याला दहशतवाद म्हणायचं की दोन देशांमधलं युद्ध, यावर जाणकार वाद घालतात. ज्यांच्या घरात काळोख झाला त्यांना त्या वादाचं काय?

आणि या सगळ्याची सुरुवात कुठून झाली होती? हल्ल्याच्या काही महिने आधी वीज कंपनीतल्या कुणीतरी ईमेलला जोडलेली फाइल उघडली, तिथून.

बाबा, तुम्ही फोनचं अपडेट रोज 'नंतर' म्हणून पुढे ढकलता ना? मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' नावाचा व्हायरस सुमारे १५० देशांत पसरला. तो संगणकातल्या फाइली कुलूपबंद करून खंडणी मागायचा, पण त्यामुळे ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांत हजारो रुग्णांच्या तपासण्या आणि शस्त्रक्रिया रद्द झाल्या. त्याला अडवणारं अपडेट मार्चमध्येच आलं होतं. कित्येक ठिकाणी ते टाकायचं राहून गेलं होतं.

परवा तुमच्या बँकेला कुणी हातही लावला नव्हता, तरी तुमची झोप उडाली. म्हणून मी त्या मेसेजवर इतकी चिडले, तुमच्यावर नाही हो. खऱ्या हल्ल्याच्या दिवशी असे मेसेज दसपटीने फिरतात आणि हल्लेखोरांचं अर्धं काम आपलीच माणसं करून टाकतात. असं काही आलं तर पुढे पाठवायच्या आधी मला फोन करा. रात्री दोन वाजलेले असले तरी करा.

रविवारी संध्याकाळी मीच लावते. बाबा, फोन पूर्ण चार्ज करून ठेवा, आईच्या फोनवर बोलत बोलत तुमचं अपडेट उरकून टाकू.

तुमची लेक