संस्था पाहायची तर दिवेलागणीला

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

वृद्धाश्रमांविषयी आपल्या अंकात नुकताच आलेला लेख वाचला. त्यात स्मृतिभ्रंश झालेल्या माणसांचा उल्लेख एका वाक्यात उरकला आहे. आमच्यासारख्या खेड्यातल्या कुटुंबांची खरी अडचण मात्र तिथूनच सुरू होते, म्हणून हा पत्रप्रपंच.

माझी आई ७८ वर्षांची आहे. आमचे गाव यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यात. चार वर्षांपूर्वी ती चुलीवर दूध ठेवून विसरू लागली, तेव्हा गावाने ‘म्हातारचळ’ म्हणून विषय संपवला आणि खरे सांगायचे तर आम्हीही संपवला. पुढे डॉक्टरांनी आधी बी-१२ जीवनसत्त्व आणि थायरॉइड तपासून घेतले, कारण त्यांच्या कमतरतेनेही विसर पडतो आणि तो औषधाने सुधारू शकतो. आईचे निदान अल्झायमरचे निघाले. रात्री कडी काढून ती दोनदा शेताच्या वाटेला लागली आणि दुसऱ्या खेपेस विहिरीच्या काठाशी सापडली, तेव्हा संस्था शोधणे भाग पडले. लोक काय म्हणतील, हा प्रश्न महिनाभर घरात घुटमळला. त्यावर अधिक लिहीत नाही.

आसपासच्या वृद्धाश्रमांनी ‘स्वतःचे स्वतः करणारेच घेतो’ असे सांगून हात वर केले. शेवटी नागपूरची एक संस्था सकाळी अकराला पाहिली. फरशी चकचकीत, अंगणात तुळस, कार्यालयात गोड बोलणारी माणसे. महिना २८ हजार रुपये सांगितले. ज्या घरात श्रावणबाळ योजनेच्या १५०० रुपयांचीही वाट पाहिली जाते, तिथे हा आकडा उच्चारणेही अवघड. आम्ही दोघा भावांनी कसेबसे जमवले.

तीन आठवड्यांनी भेटीला निघालो, तर वाटेत एसटी बिघडली आणि पोहोचायला दिवेलागण झाली. आईचे दोन्ही हात ओढणीने पलंगाला बांधलेले होते. “आजी चादर फाडतात,” असे उत्तर मिळाले. मी ओढणी सोडून शेजारी बसलो. ती उजव्या हाताची बोटे चादरीवर टेकवी, अलगद वर उचली आणि मूठ कमरेशी नेऊन रिकामी करी. कमरेला झोळी बांधून पन्नास हंगाम कापूस वेचलेल्या बाईचे ते हात होते. “ढोरं आले का घरी?” असे ती मधूनच विचारत होती आणि तिथल्या एकुलत्या मदतनीस मुलीला तिची वऱ्हाडी कळत नव्हती. या आजारात संध्याकाळी अस्वस्थता वाढते, हे डॉक्टरांनी आम्हाला सांगितले होते. संस्थेत मात्र नेमकी त्याच वेळी माणसे सर्वांत कमी.

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात मानसिक आजाराच्या व्याख्येत स्मृती आणि भान यांतला गंभीर बिघाडही येतो. रुग्णाला जखडायचे ते तातडीची इजा टाळण्याचा दुसरा उपाय नसेल तेव्हाच, मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीने आणि लेखी नोंद करून; माणसे अपुरी आहेत ही सबब त्याला चालत नाही, असे हा कायदा स्पष्ट सांगतो. मला हे नंतर कळले. आधी ठाऊक असते तर नोंदणीचा कागद आणि ती नोंदवही दोन्ही मागितली असती.

दुसरी संस्था निवडताना म्हणूनच आम्ही मुद्दाम संध्याकाळी, न कळवता गेलो. रात्री किती जणांमागे किती माणसे जागी असतात, कोणी बाहेर जायला निघाले तर काय करता, आणि पडून मार लागला तर कोणत्या दवाखान्यात नेता, एवढेच विचारले. तिथल्या मावशीने उलट आम्हालाच विचारले, “आजी सकाळी किती वाजता उठायच्या, भाकर ज्वारीची खायच्या की पोळी?” इमारत जुनी होती, न्हाणीघराला रंगही नव्हता. आईला तिथेच ठेवले. संध्याकाळी मावशी तिच्यापुढे सरकीसकट कापसाची टोपली ठेवतात.

ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार वृद्धांसाठी निवासाची तरतूद आहे. त्या निवासात स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी रात्रीच्या मदतनीसांसह वेगळा कक्ष असावा, ही माझी पहिली मागणी. ते होईल तेव्हा होईल. पण असे रुग्ण घेणाऱ्या विदर्भातील संस्थांची यादी, त्यांची नोंदणी, मासिक खर्च आणि रात्रपाळीतील माणसांची संख्या यांसह प्रत्येक तहसील कार्यालयाच्या फलकावर लावायला समाजकल्याण विभागाला फार पैसा लागणार नाही. ती यादी आपल्या दैनिकानेही छापावी, ही विनंती.

आपला,
एक शेतकरी वाचक,
ता. दारव्हा, जि. यवतमाळ